सिस्टरांच्या कपड्यांचं खोकं

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या बाईंना सगळी इमारत सिस्टर म्हणते. पेपर टाकणारा म्हणतो, खालचा पहारेकरी म्हणतो, त्यांच्या सासूबाईसुद्धा चारचौघांत 'आमची सिस्टर' असंच म्हणतात. एका मोठ्या रुग्णालयात, पुरुषांच्या सर्जरी वॉर्डात बाईंनी वीसेक वर्षं काढली. सकाळी दाराबाहेर पडताना अंगावर पांढरा कडक युनिफॉर्म, छातीशी उलटं लटकवलेलं घड्याळ, एका खिशात कात्री आणि चिकटपट्टी, दुसऱ्यात पेन आणि खोकल्याच्या गोळ्या. मी त्यांना दुसऱ्या वेषात पाहिलं ते फक्त घरच्या गाऊनमध्ये, केर बाहेर ठेवताना.

मग त्यांची कंबर गेली. एका भल्यामोठ्या पेशंटला खाटेवर वर सरकवताना अशी कळ आली की पेशंटच घाबरून उठून बसला. महिनाभर त्या आडव्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, उचलायचं नाही, वाकायचं नाही, फार वेळ उभं राहायचं नाही. वॉर्डातल्या नर्सने या तीन गोष्टी करायच्या नाहीत तर मग करायचं काय? मेट्रनबाईंनी शब्द टाकला आणि सिस्टरांना तळमजल्यावर तक्रारींच्या खिडकीत बसवलं. नोकरी राहिली. रात्रपाळीचा भत्ता मात्र गेला. त्यांच्या यजमानांच्या छापखान्यात आठवड्यातले तीनच दिवस काम उरलं होतं आणि मुलीचं कॉलेज नुकतंच सुरू झालं होतं, त्यामुळे त्या भत्त्यावाचून घराचं गणित पार विस्कटलं.

खिडकीत बसायच्या पहिल्याच दिवशी तिथल्या साहेबांनी त्यांना आत बोलावलं. माणूस सज्जन होता. त्याने समजावून सांगितलं की इथे युनिफॉर्म नको, कारण लोक युनिफॉर्म बघतात आणि सलाईन संपलंय म्हणून सांगायला येतात, तक्रार राहते बाजूला. साधे, नीटनेटके, ऑफिसला शोभतील असे कपडे घालून या.

सिस्टर घरी आल्या, कपाट उघडलं आणि मटकन पलंगावर बसल्या. सकाळी उठून 'आज काय घालू' हा प्रश्न या बाईला उभ्या जन्मात पडला नव्हता. कपाटात पांढऱ्या युनिफॉर्मची चळत होती, लग्नाकार्याला घालायचे दोन झगमगीत ड्रेस होते आणि एक करड्या रंगाची पँट होती, जिचं इलॅस्टिक केव्हाच जीव सोडून बसलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या तीच पँट सेफ्टी पिन लावून घालून गेल्या. तिसऱ्या दिवशीही. वर यजमानांचा एक जुना शर्ट.

दुकानात जाऊन पाहिलं नाही असं नाही. मुलीला घेऊन एका मोठ्या दुकानात गेल्या होत्या. पण कपडे बदलायच्या त्या अरुंद खणात एका पायावर उभं राहून दुसरा पाय पँटीत घालायचा म्हणजे त्यांच्या कमरेची परीक्षाच. दुसऱ्याच पँटीला त्या भिंतीला धरून तशाच उभ्या राहिल्या आणि मुलीने आत शिरून त्यांना बाहेर काढलं. त्यानंतर दुकानाचं नाव काढायची सोय राहिली नाही.

म्हणून मुलीनेच हा उपाय शोधला. एक कंपनी होती. आपण आपली मापं, आवडनिवड आणि ऐपत कळवायची, मग त्यांची स्टायलिस्ट आपल्यासाठी पाच कपडे निवडणार आणि खोक्यात घालून घरपोच पाठवणार. घरात आरशासमोर निवांत घालून बघायचे. हवे ते ठेवायचे, नको ते पाच दिवसांत परत पाठवायचे. निवडीसाठी थोडी फी आधी भरायची. एखादा जरी कपडा ठेवला तर ती त्याच्या किमतीतून वळती होणार, काहीच नाही ठेवलं तर फी बुडाली. मुलीचं म्हणणं होतं की आईला कुठे जायला नको, वाकायला नको, दुकानातल्या पोरींची तोंडं बघायला नकोत. सिस्टरांना ते पटलं. पाचांत एक तरी बरा निघेलच की, असा त्यांचा हिशोब.

कंपनीची प्रश्नावली भरायला सगळं घर बसलं होतं, मीही साखर मागायला गेले होते ती तिथेच टेकले. तुमची शरीरयष्टी कुठल्या फळासारखी आहे, हा पहिलाच प्रश्न. पेरूसारखी, सफरचंदासारखी की आणखी कशासारखी. सासूबाई म्हणाल्या, फणस आहे का बघ. सिस्टर हसल्या नाहीत. पुढे स्वभाव विचारला होता: स्वप्नाळू, धीट की अभिजात. सिस्टरांनी वैतागून विचारलं की यातलं कुठलं लिहिलं तर पँट येते? मुलीने 'अभिजात' दाबलं. ऐपतीच्या जागी सगळ्यात खालचा गट निवडला. शेवटी मोकळी जागा होती, तिथे मात्र सिस्टरांनी फोन स्वतःच्या हातात घेतला आणि एका बोटाने, अगदी वॉर्डातल्या नोंदी लिहाव्यात तसं, सावकाश लिहिलं: 'कमरेचं दुखणं आहे. मागे चेन नको, हात पोचत नाही. पुढून बटणं हवीत. कंबरेला सैल. पँटला दोन खरे खिसे हवेत. पांढरा रंग नको.' लिहून झाल्यावर त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि त्यांचं समाधान झालं. एवढं स्पष्ट सांगितल्यावर चुकायला वाव कुठे आहे, असं त्या म्हणाल्या.

खोकं आलं तेव्हा त्या कामावर होत्या, मीच सही करून घेतलं. दिसायला फार देखणं, वर रेशमी फीत. संध्याकाळी सिस्टर आल्या तेव्हा ते माझ्या टेबलावर बघून त्यांचा चेहरा असा उजळला की मला आठवतंय, कंबर धरल्यापासून पहिल्यांदाच. आमच्याकडे चहासुद्धा न घेता त्या खोकं घेऊन गेल्या. उचलायचं नाही हे विसरून. मी मागून धावले आणि दुसरी बाजू धरली.

वरच एक पत्र होतं. 'प्रिय मैत्रिणी, तुझ्या मनमोकळ्या व्यक्तिमत्त्वाला साजेसा हा संच निवडताना मला खूप मजा आली,' असं सुरू होणारं, खाली नुसतं 'तुझी स्टायलिस्ट'. सिस्टरांनी ते दोनदा वाचलं. मग पातळ कागदाच्या घड्या उलगडून एकेक कपडा काढायला सुरुवात केली.

पहिला निघाला पांढरा टॉप. पांढराशुभ्र. कॉलरसकट.

दुसरा एक निळा ड्रेस, त्याला मानेपासून कमरेपर्यंत मागे चेन. तिसरं मोहरीच्या रंगाचं जॅकेट, त्याच्या बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत. चौथा एक ब्लाऊज, गळ्याशी मोठा बो. त्याची टोकं इतकी लांब की सिस्टर म्हणाल्या, खिडकीतून एखाद्याने हात घालून ओढलं तर मी गेलेच. शेवटी पँट. गडद राखाडी, कापड चांगलं, कंबरेला आतून इलॅस्टिक. सिस्टरांनी ती अंगाला लावून बघितली आणि सवयीने हात खिशात घालायला गेल्या. हात आपटून परत आला. वरून खिशाची पट्टी शिवलेली, शिलाई अगदी सुबक, पण आत खिसाच नाही. नुसता देखावा.

"हे कशासाठी करतात?" त्यांनी विचारलं. खरंच त्यांना समजून घ्यायचं होतं. यजमान म्हणाले, अगं, फॅशन असेल. सिस्टरांनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते उठून गॅलरीत गेले.

किमतींची पावती तळाशी होती. पाचांपैकी एकच वस्तू त्यांच्या गटात बसत होती, ती म्हणजे तो पांढरा टॉप.

मुलीचा जीव मात्र त्या खोक्यात गुंतला होता, कारण ते तिने सुचवलं होतं. एकदा घालून तर बघ, म्हणून तिने आईच्या मागे लकडा लावला. निळा ड्रेस तिनेच आईच्या अंगात घातला, चेन तिनेच ओढली, आरशासमोर तिनेच उभं केलं. मी दारातून बघत होते. खोटं कशाला बोलू, सिस्टर त्यात छान दिसत होत्या, एखाद्या बँकेच्या अधिकारी वाटाव्यात अशा.

"बघ किती छान दिसतेस," मुलगी म्हणाली.

"मला दिसायचं नाहीये गं. मला बसायचंय. आठ तास बसायचंय, आणि तू नसताना बाथरूमला जायचंय. तिथे ही चेन कोण काढणार?"

मुलगी चिडली. तुला काहीच नको असतं, तुला तो युनिफॉर्मच हवाय, दुसरं काही अंगाला लावून घ्यायचंच नाही, असं बरंच बोलली. सिस्टरांनी मुलीकडे पाठ केली आणि चेन काढायची वाट बघत उभ्या राहिल्या. मुलीने रडत रडत काढली.

तिकडे खिडकीतही काही बरं चाललं नव्हतं. शेजारच्या टेबलावरची कारकून बाई रोज नवा टॉप घालून यायची, आणि सिस्टरांची करडी पँट बघून एकदा म्हणाली, तुम्हाला हा रंग फार आवडतो वाटतं. बोलण्यात वाकडेपणा नसावाही, पण सिस्टरांच्या ते जिव्हारी लागलं. त्याहून वाईट प्रकार पुढे घडला. जेवणाच्या सुट्टीनंतर त्या परत खिडकीकडे जात होत्या, तर रांगेतल्या एका गृहस्थाने त्यांना दंडाला धरून मागे ओढलं. मावशी, आम्ही काय वेडे म्हणून उभे आहोत का, रांगेत या. ज्या रुग्णालयात त्यांच्या पावलांच्या आवाजाने पेशंट पांघरूण नीट करायचे, तिथे. त्यांनी त्याला सांगितलं की खिडकीत बसणारी मीच आहे. त्याने त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि मगच हात सोडला. मला हे सांगताना त्या आपला दंड चोळत होत्या.

घरी शेवटी असं ठरलं की पँट ठेवायची, म्हणजे फी तरी बुडणार नाही, आणि बाकीचे चार कपडे परत करायचे. खिसे कुठूनतरी लावून घेता येतील. कंपनीचं म्हणणं होतं की परत न्यायला माणूस घरी येईल. माणूस आला नाही. दुसऱ्या दिवशी येईल असा निरोप आला, त्यासाठी सिस्टरांनी अर्धी रजा टाकली, तेव्हाही आला नाही. मग यजमान ते खोकं खांद्यावर घेऊन कुरियरच्या कचेरीत गेले. तिथल्या माणसाने सांगितलं की हे आमच्याकडे नाही, आमच्या दुसऱ्या शाखेत. दुसऱ्या शाखेत जेवणाची सुट्टी. छापखान्याचं काम असलेला दिवस होता, म्हणून ते खोकं घेऊन तसेच कामावर गेले आणि संध्याकाळी पुन्हा त्या शाखेत. तोवर पाच दिवस उलटले होते. त्या माणसाने खोकं घेतलं, पावती दिली. यजमान घामाघूम होऊन पण विजयी चेहऱ्याने घरी आले, आणि जिन्यातच त्यांचा फोन वाजला. मुदत संपल्यामुळे पाचही कपडे आपण पसंत केल्याचं समजून पूर्ण रक्कम कापली आहे. आपल्या नव्या कपड्यांचा आनंद घ्या.

म्हणजे कपडे कंपनीकडे, आणि पैसेही कंपनीकडे. सिस्टरांच्या घरात त्या महिन्यात काय झालं असेल ते सांगायला नको. मुलीने बसचा पास काढला नाही, चालत जायला लागली. ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी आपल्या डोळ्यांची तपासणी पुढे ढकलली, आणि रोज एकदा तसं बोलूनही दाखवलं.

सिस्टरांनी कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, 'आम्हाला तुमची काळजी आहे.' पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच आलं, शब्दाचाही फरक नाही. पलीकडे माणूस नाहीच, यंत्र बोलतंय, हे मुलीने सांगितलं तेव्हा त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुठून तरी एक फोन नंबर मिळवला. एका रविवारी सकाळी त्यांनी फोन लावला आणि स्पीकर चालू करून भाजी निवडायला घेतली, कारण पलीकडे गाणं वाजत होतं. भाजी निवडून झाली, धुऊन झाली, चिरून झाली, तेव्हा गाणं थांबलं आणि एक मुलगा बोलायला लागला. सिस्टरांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, न रागावता. मुलगा म्हणाला, तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे.

"संबंधित विभागाकडे पाठवतो आणि लवकरच कळवतो. हेच ना पुढचं?" सिस्टर म्हणाल्या. "बाळा, मीही तक्रारीच्या खिडकीत बसते. मलाही हेच वाक्य पाठ करायला दिलंय. पण माझ्या रांगेतल्या माणसाला मी निदान माझं तोंड तरी दाखवते."

तो मुलगा आवाज खाली आणून बोलला. "मॅडम, माझ्या हातात खरंच काही नाही. तुम्ही 'कपडे आवडले नाहीत' असं लिहू नका, त्याचं काही होत नाही. 'वस्तू परत देऊनही रक्कम कापली' असं लिहा. कुरियरची पावती जोडा. आणि बँकेत तक्रार करते आहे असं लिहा. बँकेचं नाव आलं की ते माणसाकडे जातं." आणि लगेच मोठ्या आवाजात, आपण आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल आभारी आहोत, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

सिस्टरांनी त्याच दिवशी तसं लिहिलं. चार कपड्यांचे पैसे परत आले, पण यायला पुढचा पगार उजाडला. फीचा मात्र पत्ता नाही. ती पँटीतून वळती व्हायची होती, ती कशातूनच झाली नाही. आणि पँट? यजमानांनी खोकं भरताना पाचही कपडे आत घातले होते. खिसे लावायला पँट शोधताना हे कळलं, तोवर तक्रार चारच कपड्यांची गेली होती, त्यामुळे पँटही गेली आणि तिचे पैसेही. सिस्टरांनी जेवणात मीठ घालायचं सोडलं, एक दिवस. यजमानांनी ते निमूट खाल्लं.

शेवटी कपडे मिळाले ते नणंदेकडून. ही नणंद वयाने मोठी, विमा कचेरीत वरच्या जागेवर, आणि दोघींचं लग्नापासून कधी जमलं नव्हतं. भावाकडून तिला सगळी हकीकत कळली आणि ती पुढच्या सुट्टीला दोन पिशव्या घेऊन हजर झाली. चार शर्ट, तीन पँटी, सगळे वापरलेले पण धड, पुढून बटणं. वहिनी, माझ्या आता अंगाला होत नाहीत, टाकून द्यायचे त्यापेक्षा तुला बरे, असं ती सगळ्यांसमोर म्हणाली. सिस्टरांनी थँक्यू ताई म्हटलं, चहा केला, तिच्या आवडीचा. ती गेल्यावर कपडे घालून बघितले. प्रत्येक कपडा नीट बसला.

"एखादा तरी घट्ट व्हायला हवा होता," त्या मला म्हणाल्या.

आता त्या कामावर त्यातच जातात. साहेब खूश आहेत, कारकून बाईने कुठून घेतलेत म्हणून विचारलं. नणंद घरी आली की आल्या आल्या सिस्टरांकडे बघून म्हणते, अगं, हा तर माझाच ना? दर वेळी. आणि दर वेळी सिस्टर हो ताई म्हणतात, आणि दोन दिवस त्यांचं डोकं दुखतं.

मागच्या आठवड्यात दारात गडबड ऐकू आली म्हणून मी डोकावले. कुरियरवाला उभा होता, हातात रेशमी फितीचं खोकं. कंपनीत एकदा नाव घातलं की दर तीन महिन्यांनी खोकं येतं आणि ते बंद करायला वेगळं कळवावं लागतं, हे कुठेतरी बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं म्हणे. मुलीने बंद केलं होतं, पण ते बंद झालं नव्हतं. सिस्टर दार अडवून उभ्या होत्या आणि सांगत होत्या, मी हे हातात घेणार नाही, परत न्या.

कुरियरवाला दमलेला, भला माणूस. त्याने आपला फोन त्यांच्यासमोर धरला. परत न्यायला कारण दाबावं लागतं आणि कारणं तीनच आहेत, पत्ता चुकला, खोकं फाटलंय, ग्राहक घरी नाही. नको आहे, असं कारण त्यात नाही.

"मग मी काय करू?" सिस्टरांनी विचारलं.

त्याने विचार केला. "पत्ता चुकला म्हणालो तर मला जाब विचारतात. फाटलंय म्हणालो तर माझ्या पगारातून जातं." मग त्याने सिस्टरांच्या तोंडाकडे बघत 'ग्राहक घरी नाही' दाबलं, आणि जिना उतरता उतरता सांगितलं की आता नियमाप्रमाणे मला उद्या पुन्हा यावं लागणार, तुम्ही रागावू नका.

तो आला. सिस्टर कामावर होत्या, मीही बाहेर गेले होते. सासूबाई घरात एकट्या, आणि त्यांना खोक्यांचं फार कौतुक. त्यांनी सही केली, फीत सोडली, कात्रीने कागद कापला आणि आतला पहिला कपडा काढून खुर्चीच्या पाठीवर नीट पसरून ठेवला, सुनेला आल्या आल्या दिसावा म्हणून. संध्याकाळी सिस्टर चप्पल काढत होत्या तेव्हा मी त्यांच्याबरोबरच दारात होते. त्यांनी खुर्चीकडे बघितलं. सासूबाई आतून म्हणाल्या, यावेळचा रंग छान आहे हो.

सिस्टरांनी पर्स खाली ठेवली, खोक्याच्या तळाशी हात घालून पावती काढली, आणि यजमानांना हाक मारली. पाच दिवसांतला पहिला दिवस अजून संपलेला नव्हता. कुरियरची कचेरी बंद व्हायला थोडा वेळ होता.